आडवा आठ आणि ‘आय शॅल’

अकरावी-बारावीत लिमिट्स सुरू झाल्या की फळ्यावर अनंताचं चिन्ह येतं. आडवा पाडलेला आठ, म्हणजे इंग्रजी आठ. आपला ८ आडवा पाडून काही हाती लागत नाही. हे चिन्ह पहिल्यांदा कुणी काढलं असेल, असा प्रश्न तेव्हा फारसा कुणाला पडत नाही. त्याच्याही कितीतरी आधी, शाळेत, आपण भविष्यकाळाचा तक्ता घोकलेला असतो. ‘आय’ आणि ‘वुई’पुढे ‘शॅल’, बाकी सगळ्यांपुढे ‘विल’. असं का, हे विचारायची सोय नसते. विचारलंच तर नियम आहे, एवढंच उत्तर मिळतं.

या दोन्ही गोष्टींमागे एकच माणूस आहे : जॉन वॉलिस. सतराव्या शतकातला इंग्लंडमधला गणिती, आणि न्यूटनच्या आधीच्या पिढीत तिथं त्याच्या तोडीचा दुसरा गणिती नव्हता. पण गणिताइतकंच त्याचं नाव इंग्रजी व्याकरणाच्या इतिहासात आहे. शिवाय त्याचा एक तिसरा उद्योग होता, सांकेतिक लिपीतली गुप्त पत्रं फोडण्याचा. हे तीन उद्योग वरवर वेगळे दिसतात. मला तरी ते एकाच डोक्याचे वाटतात.

वॉलिसचा जन्म २३ नोव्हेंबर १६१६ चा, केंट परगण्यातल्या ॲशफर्ड गावचा. वडील तिथले धर्मगुरू. तो सहा वर्षांचा असताना ते वारले आणि पाच मुलांना वाढवायची जबाबदारी आईवर आली. १६२५ मध्ये गावात प्लेग आला, म्हणून पोराला टेंटरडेन गावाजवळच्या शाळेत धाडलं. तिथं आणि नंतर फेल्स्टेडच्या शाळेत त्या काळच्या रिवाजाप्रमाणे लॅटिन, ग्रीक आणि थोडी हिब्रू शिकवली गेली. लॅटिन तर इतकी पक्की झाली की ती त्याला मातृभाषेसारखीच जवळची वाटू लागली. म्हातारपणी त्यानं स्वतःबद्दल एक टिपण लिहून ठेवलंय. त्यात तो सांगतो की लहानपणापासून त्याला पाठांतराचा कंटाळा होता. गोष्ट अशी का आहे, तिच्यामागचं कारण काय, हे कळेपर्यंत त्याला चैन पडत नसे. नुसतं पाठ केलेलं लवकर विसरतं, असं त्याचं मत होतं. तुम्हा-आम्हाला हे परीक्षेच्या आदल्या रात्री कळतं.

आता गंमत बघा. या भावी गणितज्ञाला पंधराव्या वर्षापर्यंत साधा हिशेबही कुणी शिकवला नव्हता. अंकगणित हा तेव्हा विद्वानांचा विषयच नव्हता. व्यापारी, खलाशी, सुतार, जमीन मोजणारे यांचं ते काम. नाताळच्या सुट्टीत वॉलिस घरी आला तेव्हा धाकटा भाऊ धंद्यासाठी हिशेब शिकत होता. थोरल्यानं धाकट्याकडून ते समजून घेतलं, आणि सुट्टी संपायच्या आत भावाचं सगळं पुस्तक याचं झालं. गणिताचं त्याचं औपचारिक शिक्षण म्हणाल तर एवढंच. पुढे केंब्रिजला इमॅन्युएल कॉलेजात त्यानं तर्कशास्त्र, धर्मशास्त्र, थोडं वैद्यकही केलं. रक्त शरीरात फिरतं हा विल्यम हार्वेचा सिद्धांत तेव्हा नवा आणि वादग्रस्त होता. वॉलिसनं विद्यापीठातल्या वादसभेत त्याची बाजू मांडली. १६४० मध्ये तो एम.ए. झाला, पाद्री झाला आणि श्रीमंत घरांमध्ये धर्मोपदेशकाची नोकरी करू लागला. इथवर त्याच्या आयुष्यात इतिहासानं दखल घ्यावी असं काही नव्हतं.

जेवणानंतरचे दोन तास

१६४२ मध्ये इंग्लंडात यादवी पेटली. एका बाजूला राजा पहिला चार्ल्स, दुसऱ्या बाजूला पार्लमेंट. त्या वर्षाच्या शेवटी पार्लमेंटच्या फौजेनं चिचेस्टर शहर घेतलं. तेव्हा वॉलिस लंडनमध्ये लेडी व्हेअर यांच्याकडे नोकरीला होता. एका संध्याकाळी जेवायला बसताना ओळखीच्या एका पाद्र्यानं त्याला एक पकडलेलं पत्र दाखवलं. सांकेतिक लिपीतलं. बघ काही जमतंय का, असं अर्धवट थट्टेत विचारणं होतं ते. वॉलिसनं असलं काही आयुष्यात पाहिलं नव्हतं. जेवण झाल्यावर तो खोलीत गेला आणि दोनेक तासांत पत्र उलगडून बाहेर आला.

ते पत्र सोपं होतं, प्रत्येक अक्षराच्या जागी एक ठरावीक चिन्ह. पण त्या दोन तासांनी त्याचं आयुष्य बदललं. पुढची पत्रं अवघड होत गेली, पानंच्या पानं नुसते आकडे. एकाच अक्षराला तीन-तीन आकडे, काही आकडे नुसते फसवायला घातलेले. असं पत्र फोडायला कुठलंही पुस्तक कामाला येत नाही. समोर जे आहे ते मोजायचं. कुठला आकडा वारंवार येतो, कुठला कशाच्या शेजारी बसतो, कुठला कधीच पहिला येत नाही. आपल्या मनातला नियम पत्रावर लादला की पत्र बोलायचं थांबतं. हे मी का सांगतोय ते पुढे कळेल.

पार्लमेंटला त्याचं मोल कळलं. १६४५ च्या सुमाराला लंडनमध्ये काही डॉक्टर आणि गणिताची आवड असलेली मंडळी दर आठवड्याला जमून प्रयोगांच्या गप्पा मारत, त्यांत हाही असे. त्यातूनच पुढे रॉयल सोसायटी उभी राहिली. त्याच वर्षी त्याचं सुसॅना ग्लाइडशी लग्न झालं. १६४७ मध्ये ऑट्रेडचं बीजगणिताचं पुस्तक हातात पडलं आणि त्यानं ते काही आठवड्यांत संपवलं. मग १६४९ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ऑक्सफर्डला भूमितीचा सेव्हिलियन प्रोफेसर म्हणून त्याची नेमणूक झाली. आधीचे प्रोफेसर राजाच्या बाजूचे म्हणून काढले गेले होते. त्यांच्या खुर्चीत बसलेल्या या माणसाच्या नावावर गणितातलं काही म्हणजे काही नव्हतं. आजच्या भाषेत याला वशिला म्हणतात. फक्त पुढची चौपन्न वर्षं, मरेपर्यंत, त्यानं ती खुर्ची अशी चालवली की वशिल्याची गोष्ट लोक विसरले.

नेमणुकीनंतर पाच-सहा वर्षांत त्याची गणिताची मोठी पुस्तकं आली. १६५५ च्या पुस्तकात पहिल्यांदा तो आडवा आठ दिसतो. लगेच आलेल्या ‘अरिथमेटिका इन्फिनिटोरम’मध्ये पायसाठी अनंत गुणाकाराचं सूत्र आहे : दोन भागिले एक, दोन भागिले तीन, चार भागिले तीन, चार भागिले पाच, असे अपूर्णांक गुणत राहा, पायच्या निम्म्याजवळ पोहोचत राहाल. दहा वर्षांनी हेच पुस्तक कॉलेजातल्या न्यूटनच्या हातात पडलं आणि त्यातून बायनॉमियल थिअरमचा रस्ता निघाला.

पण या सगळ्याच्या आधी, १६५३ मध्ये, या भूमितीच्या प्रोफेसरानं एक भलतंच पुस्तक छापलं होतं. इंग्रजीचं व्याकरण.

दोनच काळ

पुस्तकाचं नाव ‘ग्रामाटिका लिंग्वे अँग्लिकाने’. इंग्रजीचं व्याकरण, पण लिहिलंय लॅटिनमध्ये. कारण ते इंग्रजांसाठी नव्हतंच. युरोपातल्या बऱ्याच लोकांना इंग्रजीतली धर्मशास्त्राची पुस्तकं वाचायची होती आणि ही भाषा शिकायला फार अवघड आहे अशी त्यांची तक्रार होती. वॉलिसचं म्हणणं असं की भाषा अवघड नाही, शिकवणारे चुकतायत. त्याच्या आधीचे बहुतेक व्याकरणकार इंग्रजीला लॅटिनच्या साच्यात कोंबत होते. इंग्रजीचं पहिलं छापील व्याकरण १५८६ चं, विल्यम बुलोकरचं; तेही शाळेतल्या लॅटिन व्याकरणावर बेतलेलं. लॅटिनमध्ये नामाला विभक्ती आहेत, मग इंग्रजीतही दाखवा. लॅटिनमध्ये क्रियापदाचे सहा काळ आहेत, मग इंग्रजीतही सहा खण आखा आणि भरा.

वॉलिसनं इंग्रजीकडे पकडलेल्या पत्रासारखं पाहिलं. जे दिसतंय तेवढंच. आणि त्याला दिसलं की इंग्रजी क्रियापदाला काळाची रूपं दोनच आहेत. ‘बर्न’ आणि ‘बर्न्ड’. वर्तमान आणि भूत. संपलं.

बारा काळांचे तक्ते भिंतीला चिकटवून बसलेल्यांनी इथं क्षणभर थांबावं. मराठीत ‘जळणे’ घ्या : जळतो, जळला, जळेल. भविष्यकाळ क्रियापदाच्या आतच आहे, शेवटी प्रत्यय लागला की झालं. आता ‘बर्न’चं असं एका शब्दाचं भविष्यकाळी रूप सांगा. नाही. इंग्रजीला ते करताच येत नाही. भविष्याबद्दल बोलायचं तर तिला शेजारून कुणीतरी मदतीला बोलवावं लागतं. ‘हॅव’, ‘बी’, ‘डू’, ‘शॅल’, ‘विल’, ‘मे’, ‘कॅन’, ‘मस्ट’ ही ती मदतनीस मंडळी. बारा काळ म्हणजे या दोन रूपांची आणि मदतनिसांची वेगवेगळी मांडणी. हे जुनंपुराणं मत नाही बरं का. केंब्रिजनं २००२ मध्ये काढलेल्या इंग्रजीच्या भल्यामोठ्या व्याकरणातही इंग्रजीला भविष्यकाळ नावाचा स्वतंत्र काळ नाही, असंच धरलेलं आहे. (परीक्षेत मात्र हे लिहू नका. तिथं तक्ताच लिहा.)

या मदतनिसांचे त्यानं दोन गट पाडले. ‘हॅव’ आणि ‘बी’ ही पूर्ण क्रियापदं, त्यांची सगळी रूपं होतात. ‘शॅल’, ‘विल’, ‘मे’, ‘कॅन’ वगैरे अपुरी. त्यांना ‘टू’ लागत नाही, ‘आयएनजी’ लागत नाही, तिसऱ्या पुरुषात ‘एस’ लागत नाही. आपण मराठीत शकतो, शकते, शकतात असं फिरवत असतो, म्हणून ‘ही कॅन्स’ तोंडात येतं. ‘कॅन’ कुणासाठी हलत नाही, हे एकदा नीट लक्षात आलं की अर्ध्या चुका जातात.

मग तो एकेकाचा अर्थ सांगतो, आणि इथं त्याच्यातला गणिती दिसतो. ‘मे’ आणि ‘कॅन’ दोन्ही शक्यता दाखवतात, पण ‘कॅन’ करणाऱ्याच्या अंगातल्या ताकदीबद्दल बोलतं, तर ‘मे’ हक्काबद्दल, किंवा निदान अशी गोष्ट घडू शकते याबद्दल. वर्गाच्या दारात उभं राहून ‘मे आय कम इन’ म्हणायचं ते म्हणूनच. पाय चालतायत का हा प्रश्नच नसतो, आत यायची मुभा आहे का हा असतो.

आता ‘शॅल’ आणि ‘विल’. या दोघांमधला फरक त्याच्या आधी, १६२२ मध्ये, फ्रेंच लोकांसाठी लिहिलेल्या एका व्याकरणात येऊन गेला होता. पण सूत्रासारखा स्वच्छ मांडला तो वॉलिसनं. प्रथम पुरुषात ‘शॅल’ म्हणजे नुसतं सांगणं, पुढे काय होणार ते. ‘विल’ म्हणजे वचन किंवा धमकी. द्वितीय आणि तृतीय पुरुषात बरोबर उलट : ‘विल’ म्हणजे नुसतं सांगणं, ‘शॅल’ म्हणजे वचन किंवा धमकी. उदाहरणाला क्रियापद पुन्हा तेच, ‘बर्न’.

शाळेच्या तक्त्यात यातला अर्धाच भाग आपल्यापर्यंत पोचतो, म्हणून तो वेडगळ वाटतो. पूर्ण नियमाला कारण आहे. ‘विल’चा मूळ अर्थ इच्छा असणं आणि ‘शॅल’चा मूळ अर्थ देणं लागणं, बांधील असणं. ‘आय विल’ म्हटलं की माझी इच्छा आली, मी करणारच असं झालं. ‘यू शॅल’ म्हटलं की तुला बांधील कुणी केलं? मी. म्हणजे दोन्हीकडे बोलणारा स्वतःचं वजन टाकतोय. ‘आय शॅल’ आणि ‘यू विल’ मध्ये तो बाजूला उभा आहे, फक्त खबर देतोय. म्हणजे या नियमात काळापेक्षा महत्त्वाचं आहे ते मर्जी कुणाची चालते हे. मराठीत हे काम आपण आवाजानं आणि क्रियापदाच्या निवडीनं करतो. मी बघून घेईन, हे वाक्य आजी दुधाच्या पातेल्याबद्दल म्हणाली तर आश्वासन आणि पार्किंगवरून भांडणारा म्हणाला तर धमकी. व्याकरण तेच. इंग्रजीनं त्यासाठी दोन वेगळे शब्द ठेवले होते, आणि वॉलिसनं ते परक्या माणसाला ऐकू येतील असे करून दिले.

पुस्तकाला जोडून उच्चारांवर एक प्रकरण होतं. कुठला आवाज काढताना ओठ कुठं, जीभ कुठं, घशातून हवा कशी जाते, याचं बारकाईनं वर्णन. त्याचा उपयोग नऊ वर्षांनी झाला. १६६२ च्या जानेवारीत नॉर्थॅम्प्टनहून डॅनियल व्हेली नावाचा पंचविशीतला तरुण वॉलिसकडे आला. पाचव्या वर्षाच्या सुमाराला त्याचं ऐकणं गेलं आणि मग बोलणंही. वॉलिसनं त्याला ओठ-जिभेच्या जागा दाखवत एकेक आवाज काढायला लावला, आणि दुसरीकडे लिहून भाषा शिकवायला घेतली. मे महिन्यात हा तरुण रॉयल सोसायटीसमोर उभा राहून शब्द उच्चारत होता. आवाज ओबडधोबड होता, पण शब्द कळत होते. वर्षभरात तो इंग्रजी बायबलचा बराचसा भाग वाचू लागला. कानानं भाषा येतेच असं धरून चालणाऱ्या जगात हे फार मोठं होतं.

मात्र इथंच वॉलिसची दुसरी बाजूही दिसते. त्यानं शिकवलेला दुसरा कर्णबधिर मुलगा, अलेक्झांडर पॉपम, आधी विल्यम होल्डर या धर्मगुरूकडे बोलायला शिकला होता. श्रेयाचा प्रश्न आला तेव्हा वॉलिसच्या लिखाणात होल्डरला जागाच नव्हती. १६७८ मध्ये होल्डरनं जाहीर तक्रार केली आणि दोघांची छापील हमरीतुमरी झाली. चरित्रकार जॉन ऑब्री दोघांनाही ओळखत होता. दुसऱ्यांच्या कल्पना उचलून वॉलिस आपल्या नावावर छापतो, असा त्याचा आरोप आहे. तत्त्वज्ञ थॉमस हॉब्जशी तर पाव शतक भांडण चाललं. हॉब्जनं वर्तुळाइतक्या क्षेत्रफळाचा चौरस काढून दाखवल्याचा दावा केला होता. वॉलिसनं तो खोडला, आणि मग दोघंही भूमिती सोडून एकमेकांच्या लॅटिन व्याकरणातल्या चुका काढू लागले. हॉब्ज १६७९ मध्ये वारला तेव्हाच ते थांबलं. भूमितीत वॉलिस बरोबर होता, एवढं म्हणायला हरकत नाही.

राजकारणात तो नेहमी पायावर पडला. पार्लमेंटसाठी राजाच्या माणसांची पत्रं फोडणारा हा माणूस, पण राजाला मृत्युदंड देऊ नये या निवेदनावरही त्याची सही होती. १६६० मध्ये राजेशाही परत आली तेव्हा ती सही कामाला आली. दुसऱ्या चार्ल्सनं त्याची प्रोफेसरकी कायम केली आणि वर राजाचा धर्मोपदेशकही केलं. १६८८ नंतर तिसरा विल्यम आला, त्याच्यासाठीही सत्तरी ओलांडलेला वॉलिस फ्रेंच पत्रं फोडत बसला होता, आणि कष्टाच्या मानानं पैसे कमी मिळतात अशी तक्रारही करत होता.

झोप न येणाऱ्या रात्री तो मनातल्या मनात आकडेमोड करी. १६७० च्या फेब्रुवारीत एका परदेशी पाहुण्यासाठी त्यानं अंधारात, कागदाशिवाय, ५३ आकडी संख्येचं वर्गमूळ काढलं. २७ आकडी उत्तर डोक्यात ठेवलं आणि पाहुणा पुढच्या महिन्यात परत आला तेव्हा सांगून लिहून घ्यायला लावलं. आपण ओटीपी दुसऱ्या ॲपमध्ये टाकेपर्यंत विसरतो.

१६९७ च्या सुमारास जर्मनीतून लायब्निझची पत्रं यायला लागली. पत्रं फोडायची ही विद्या तुमच्याबरोबर जाऊ नये, काही तरुणांना शिकवा, अशी त्याची विनंती होती. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. वॉलिसनं प्रत्येक वेळी टाळलं. गरज पडली तर पत्रं फोडून देईन, शिकवणार नाही. ती विद्या त्यानं दिली फक्त आपल्या नातवाला, विल्यम ब्लेंको याला, आणि तोच पुढे सरकारी उलगडणारा म्हणून नेमला गेला. परक्यांना आपली भाषा मोकळ्या हातानं शिकवणारा माणूस लिपीच्या बाबतीत असा मूठ झाकून बसला. सरकारच्या दृष्टीनं ते शहाणपणाचंच होतं. माझ्या मनात मात्र लायब्निझची बाजू जड राहते.

२८ ऑक्टोबर १७०३ रोजी, शहाऐंशीव्या वर्षी, वॉलिस ऑक्सफर्डमध्ये वारला. चार वर्षांपूर्वीच त्याच्या समग्र ग्रंथांच्या तिसऱ्या खंडात व्याकरण पुन्हा छापून आलं होतं.

‘शॅल’चं पुढे काय झालं

त्याच्यामागे त्या नियमाचा प्रवास मात्र विचित्र झाला. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये शुद्ध बोलण्याची टूम निघाली. सॅम्युएल जॉन्सननं १७५५ च्या शब्दकोशाला जोडलेल्या व्याकरणात वॉलिसचा आधार घेतला. १७६२ मध्ये रॉबर्ट लाउथचं आणि १७९५ मध्ये लिंडली मरेचं व्याकरण आलं. मरेच्या पुस्तकाच्या तर आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या, शाळाशाळांत तेच चालू लागलं. वॉलिसनं परक्यांना दाखवलेली वाट आता इंग्रज पोरांसाठी कायदा झाली. कोण खरा सुसंस्कृत आणि कोण गावंढळ, हे ‘शॅल’-‘विल’वरून ठरू लागलं. स्कॉटलंड, आयर्लंड आणि अमेरिकेत लोक असं कधी बोलतच नव्हते, म्हणून त्यांची टिंगल सुरू झाली. पाण्यात बुडणाऱ्या एका परक्याचा विनोद तेव्हापासून फिरतोय. बिचाऱ्यानं घाबरून दोन शब्दांची अदलाबदल केली, काठावरच्या लोकांनी त्याचा अर्थ असा घेतला की याला बुडायचंच आहे आणि कुणी वाचवायला येऊ नये असं त्यानं बजावलंय. आणि कुणी गेलं नाही.

इंग्रजांबरोबर हा तक्ता जगभर गेला. आपल्याकडे रेन आणि मार्टिनच्या जाड व्याकरणातून, गाइडांमधून, क्लासच्या नोट्समधून तो अजून फिरतो, तोही अर्धा : वचन आणि धमकीचा भाग गळून पडलेला. १९२५ मध्ये चार्ल्स फ्राइज या अमेरिकन अभ्यासकानं पूर्वीच्या काही शतकांमधली इंग्रजी नाटकं घेऊन त्यांतले ‘शॅल’ आणि ‘विल’ मोजले. पत्र फोडताना वॉलिस आकडे मोजायचा, तसंच. पुस्तकातला नियम आणि लोकांच्या तोंडची भाषा जुळत नाहीत, असं निघालं. ‘आय’पुढेही माणसं सर्रास ‘विल’च म्हणत होती. आज तर बोलताना दोन्ही शब्दांचा नुसता ‘ल’ उरतो, त्यामुळे आतला शब्द कुठला हे बोलणाऱ्यालाही ठाऊक नसतं. मुलाखतीत किंवा आयईएलटीएसच्या स्पीकिंगमध्ये ‘आय विल’ म्हणालात म्हणून कुणी मार्क कापत नाही.

‘शॅल’ पूर्ण गेलेला नाही. दोन ठिकाणी तो घट्ट बसलाय. एक, कायद्यात. भारताच्या राज्यघटनेचा इंग्रजी मसुदा उघडा. पानोपानी तृतीय पुरुषापुढे ‘शॅल’ दिसेल. राज्य अमुक करील ही तिथं खबर नसते, त्याला बांधून घातलेलं असतं. म्हणजे वॉलिसच्या नियमाचा नेमका तोच अर्धा भाग, जो शाळेनं आपल्याला सांगितला नाही. एखाद्या कायद्यातला ‘शॅल’ सक्तीचा की नुसता मार्गदर्शक, आणि ‘मे’चा अर्थ कधी सक्ती होतो, यावर आपल्या कोर्टांमध्ये आजही वाद होतात. लॉ करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

दुसरी जागा प्रश्नाची. ‘शॅल आय’ आणि ‘शॅल वुई’. समोरच्याची मर्जी विचारायची तेव्हा इंग्रज अजून ‘शॅल’च वापरतो, तिथं ‘विल’ चालत नाही. यासाठी तक्त्याची गरज नाही, कारण हे रूप मराठीत आपल्या तोंडात रोज असतं. खिडकी लावू का? मी येऊ का सोबत? चहा टाकू का?